आरोग्यखर्चाचा घरावरचा बोजा: भाजक कोणता आणि शून्य कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाराशे कुटुंबांच्या सर्वेक्षणाची माहिती हाताशी आहे, त्यात घरखर्चही विचारलाय आणि आजारपणाचा खर्चही. खिशातून होणाऱ्या आरोग्यखर्चाचा कुटुंबांवर किती बोजा पडतो ते काढायचंय. मग ज्यापलीकडे खर्च ‘आपत्तीजनक’ म्हणायचा ती रेषा १० टक्क्यांची धरावी की ४० टक्क्यांची?

दोन्ही धरता येतात, कारण त्या एकाच गोष्टीच्या टक्केवाऱ्या नाहीत. १० टक्के हे एकूण घरखर्चाचे असतात, ४० टक्के हे निर्वाहापुरतं बाजूला काढून उरलेल्या पैशांचे. पण रेषेचा वाद सोडवण्याआधी अंश (आरोग्यखर्च) आणि भाजक (ज्याने तो भागायचा तो घरखर्च) तपासा. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या चुका रेषा निवडण्याच्या कितीतरी आधी झालेल्या असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून गेलेला वाटा किती, हा आकडा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांमधून, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या जमाखर्चातून, येतो. तो आरोग्यव्यवस्थेला पैसा कुठून मिळतो ते सांगतो. कोणत्या घराची घडी विस्कटली हे त्यातून कळत नाही. तो वाटा दोन देशांत सारखा असूनही एकीकडे खर्च सगळ्यांवर थोडाथोडा विखुरलेला आणि दुसरीकडे मोजक्या घरांवर कोसळलेला असू शकतो. बोजा मोजायचा तर कुटुंबागणिक आकडे लागतातच.

अंशात काय धरायचं

सेवा घेताना घराने स्वतः भरलेली रक्कम धरायची: तपासणी फी, औषधं, चाचण्या, खाटेचं भाडं, शस्त्रक्रिया, चष्मा किंवा श्रवणयंत्रासारखी साधनं, पारंपरिक उपचार, विमा असूनही रुग्णाने भरायचा हिस्सा आणि हातावर ठेवलेले बिनपावतीचे पैसे. विम्याचा हप्ता यात येत नाही, कारण तो आजारी पडण्याआधी भरलेला असतो. घरखर्चाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आरोग्य हा सहावा विभाग आहे आणि विमा त्यात मोडत नाही. विम्याकडून किंवा नोकरीच्या ठिकाणाहून परत मिळालेली रक्कम वजा करायची. इथे एक खाच आहे. परतावा महिनोन्‌महिने उशिरा येतो आणि चौकशीच्या कालावधीबाहेर पडतो. म्हणून ‘किती मिळाले’ याच्या जोडीला ‘किती मिळायचे बाकी आहेत’ हेही विचारा आणि दोन्ही रकाने वेगळे ठेवा.

प्रवासखर्च, रुग्णासोबत राहिलेल्या माणसाचं जेवणखाण आणि बुडालेली मजुरी या गोष्टी घराला खऱ्याच जाणवतात, पण नेहमीच्या निर्देशकात त्या धरत नाहीत. त्या विचारा, फक्त वेगळ्या मांडा. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या रुग्णखर्च सर्वेक्षणात मात्र त्या धरतात. तिथे उपचार, प्रवास आणि बुडालेलं उत्पन्न मिळून घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेलं की खर्च आपत्तीजनक ठरतो. तो २० टक्क्यांचा आकडा आणि आपला १० टक्क्यांचा आकडा एका तक्त्यात शेजारीशेजारी ठेवू नका. अंशच वेगळा आहे.

‘आरोग्यावर एकूण किती खर्च झाला?’ असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर बहुतेक वेळा कमी येतं. बाबी सुट्या विचारल्या की रक्कम वाढते, कारण माणसाला नाव घेतलेली गोष्ट आठवते. सगळ्यात जास्त निसटतात ती थेट दुकानातून आणलेली आणि दर महिन्याला लागणारी औषधं. ती ‘डॉक्टरकडे गेलो’ या आठवणीला चिकटलेली नसतात, त्यामुळे त्यांना वेगळा प्रश्न हवाच. याचाच अर्थ, सर्वेक्षणाच्या गेल्या फेरीत तीन प्रश्न आणि या फेरीत आठ प्रश्न असतील, तर बोजा वाढल्याचं सांगायच्या आधी प्रश्नावल्या समोरासमोर ठेवून पाहा.

घरातल्या माणसांची यादी सध्या हयात असलेल्यांचीच असेल तर गेल्या वर्षभरात वारलेल्या माणसाच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च सुटतो, आणि तो बरेचदा त्या घराचा सगळ्यात मोठा खर्च असतो. ‘गेल्या ३६५ दिवसांत घरात कोणी वारलं का, त्याआधी उपचारांवर काय खर्च झाला’ एवढ्या दोन प्रश्नांनी ही फट बुजते.

पंधरा दिवस गुणिले सव्वीस: इथे सर्वाधिक घोटाळा होतो

प्रघात असा: दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च बारा महिन्यांचा विचारायचा, बाकीचा दोन आठवड्यांचा किंवा महिन्याचा. भरती होणं विसरलं जात नाही, सर्दीतापाचा खर्च विसरला जातो, म्हणून हे ठीक आहे. चूक होते ती छोट्या काळाचा आकडा वर्षावर नेताना.

एक हिशेब करून पाहा. समजा प्रत्येक घर वर्षातून दोनदा डॉक्टरकडे जातं आणि दर वेळी ५०० खर्च होतात (चलन कोणतंही धरा). प्रत्येक घराचा खरा वार्षिक खर्च १,०००. आता कुठल्याही दोन आठवड्यांच्या खिडकीत सुमारे १३ पैकी एकच घर सापडेल. त्याचे ५०० गुणिले २६ केले की १३,००० होतात आणि उरलेल्या बारा घरांना शून्य मिळतं. सरासरी अजूनही बरोबर १,०००च आहे. पण वार्षिक घरखर्च ९६,००० असेल तर त्या एका घराचा वाटा साडेतेरा टक्के दिसतो. खरा वाटा सगळ्यांचाच जेमतेम एक टक्का. म्हणजे एकही घर रेषेपलीकडे नसताना आपण साडेसात टक्क्यांहून अधिक घरं आपत्तीत असल्याचं छापून मोकळे होतो.

सरासरीसाठी गुणाकार चालतो, शेपटीसाठी, म्हणजे फार मोठा वाटा असलेल्या टोकाच्या मोजक्या घरांसाठी, चालत नाही. आणि आपला निर्देशक सगळा शेपटीवरच उभा आहे. यावर पूर्ण तोडगा एकाच भेटीच्या सर्वेक्षणात निघत नाही. शक्य असेल तर त्याच घरांना वर्षातून तीनचार वेळा भेट द्या. ते नसेल तर नियमित औषधांचा खर्च ‘दर महिन्याला साधारण किती’ असा विचारा, कारण तो खरोखरच बारा पट होतो, आणि अचानक आलेल्या आजारांचा वेगळा ठेवा. किमान एवढं तरी करा: भरतीचा खर्च धरून आणि बाकीचा धरून आलेले निष्कर्ष वेगवेगळे दाखवा, म्हणजे वाचणाऱ्याला कुठला भाग गुणाकारातून आलाय ते कळेल.

उलट दिशेची चूकही असते. सव्वा वर्षापूर्वीचं मोठं ऑपरेशन ‘गेल्या वर्षातच’ झालं असं मनापासून सांगितलं जातं. तारीख विचारण्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेल्या एखाद्या घटनेच्या आधी की नंतर असं विचारलं तर उत्तर जास्त पक्कं मिळतं.

भाजक

एकूण उपभोग खर्च हा उत्पन्नापेक्षा सहसा बरा. अनियमित कमाईच्या घरात उत्पन्न नीट सांगता येत नाही, शिवाय खर्च वर्षभरात त्या मानाने सपाट असतो. घरात पिकवून खाल्लेलं आणि स्वतःच्या घरात राहण्याचं अंदाजित भाडं त्यात धरलंय की नाही ते लिहून ठेवा. भाडं धरलं की भाजक फुगतो आणि टक्का उतरतो.

आणखी एक ठरलेली चूक म्हणजे अंश आरोग्याच्या तपशीलवार भागातून घ्यायचा आणि भाजक घरखर्चाच्या भागातून, जिथे आरोग्याची एकच ओळ असते. मग एखाद्या घराचा वाटा १३० टक्के निघतो आणि तो ‘चुकीचा नमुना’ म्हणून काढून टाकला जातो. घर काढू नका. घरखर्चातून ती एक ओळ वजा करा आणि तिच्या जागी तपशीलवार भागातली बेरीज घाला. त्यानंतर कोणाचाही वाटा शंभरावर जाणार नाही. मोठ्या रकमाही डोळे मिटून छाटू नका. शून्य जास्त पडलंय का ते मूळ अर्जावर पाहा, आणि नसेल पडलं तर ती रक्कम तशीच राहू द्या. तीच तर मोजायला आपण निघालोय.

आता रेषा

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला, हाच बोजा मोजणारा ३.८.२ हा निर्देशक मुळात एकूण घरखर्चाच्या १० आणि २५ टक्क्यांवर बेतलेला होता. दुसरी वाट २००३ साली के शू या संशोधक आणि सहकाऱ्यांनी ५९ देशांची माहिती घेऊन मांडली: आधी निर्वाहाचा खर्च काढा, मग उरलेल्या ‘भरण्याच्या क्षमते’च्या ४० टक्के ही रेषा धरा. पायऱ्या अशा. प्रत्येक घराचा आकार ०.५६ या घातांकाने समतुल्य करा, कारण पाच जणांना एकट्या माणसाच्या पाचपट लागत नाही. पाचाचा ०.५६ घात साधारण २.४६ येतो. मग खर्चातला अन्नाचा वाटा ४५व्या ते ५५व्या शततमकात असलेली घरं घ्या (म्हणजे त्या वाट्याने लावलेल्या रांगेत शंभरातली मधली दहा), त्यांच्या समतुल्य माणशी अन्नखर्चाची भारांकित सरासरी (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी उभं आहे ते धरून) काढा आणि ती प्रत्येक घराच्या समतुल्य आकाराने गुणा. हा त्या घराचा निर्वाह खर्च.

समजा ती सरासरी महिन्याला २,५०० आली. पाच जणांच्या घराचा निर्वाह खर्च सुमारे ६,१६० होतो. पहिल्या घराचा एकूण खर्च ८,०००, त्यात अन्न ६,२०० आणि उपचार ७५०. एकूण खर्चाच्या हिशेबाने ९.४ टक्के, म्हणजे रेषेच्या आत. क्षमतेच्या हिशेबाने उरतात १,८४०, त्यातले ७५० म्हणजे जवळपास ४१ टक्के, रेषेबाहेर. दुसरंही घर पाच जणांचं, खर्च ४०,०००, उपचार ५,०००. एकूण खर्चाच्या १२.५ टक्के, म्हणून ते आपत्तीत. क्षमतेच्या १५ टक्क्यांहूनही कमी, म्हणून नाही. माहिती तीच, पण बाधित म्हणून निवडलेली घरं नेमकी उलटी. एकूण खर्चाच्या रेषेने खात्यापित्या घरांत बोजा जास्त दिसतो तो याच कारणाने.

पण या दुसऱ्या पद्धतीतही एक भोक आहे. अन्नावरचा प्रत्यक्ष खर्च निर्वाह खर्चापेक्षा कमी असेल तर निर्वाहाऐवजी प्रत्यक्ष अन्नखर्चच वजा करायचा असा तिचा नियम आहे. पहिल्या घरासारखंच एक घर घ्या, फक्त भाडं जास्त असल्याने ते अन्नावर ५,०००च खर्च करतं. त्याची क्षमता ३,००० निघते, वाटा २५ टक्के, आणि ते यादीतून बाहेर. पोटाला चिमटा घेणारं घर जास्त सक्षम ठरतं! युरोपसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत हे सुधारलंय. तिथे अन्न, भाडं आणि वीज-पाणी-इंधन यांचा किमान खर्च २५व्या ते ३५व्या शततमकातल्या घरांवरून ठरवतात आणि तो सगळ्यांना सारखाच लावतात. क्षमता ऋण आली आणि खिशातून काहीही गेलं, की ते घर आपत्तीतच धरतात.

२०२५मध्ये ३.८.२ची व्याख्याही त्याच दिशेने बदलली: एकूण खर्चातून सामाजिक दारिद्र्यरेषा वजा करून उरेल त्याच्या ४० टक्क्यांवर. ही रेषा देशाच्या मध्यक खर्चासोबत (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो खर्च) वरखाली होते. २०१७च्या क्रयशक्ती समतेच्या, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक जुळवून घेतलेल्या, डॉलरमध्ये ती माणशी रोजचे २.१५, किंवा १.१५ अधिक मध्यकाचा निम्मा भाग, यांतली मोठी रक्कम अशी होती. नवीन काम असेल तर ही व्याख्या मुख्य धरा आणि जुन्या अहवालांशी तुलना करता यावी म्हणून १० व २५ टक्केही द्या. जुनी मालिका आणि नवी मालिका एका रेघेने जोडू मात्र नका.

किती घरं, किती खोल, आणि कोणाची

रेषा ओलांडलेल्या घरांचं प्रमाण हा फक्त पहिला आकडा. रेषेच्या किती पुढे गेले तेही हवं. पाच घरांचे वाटे ०, ४, ९, १२ आणि ३० टक्के आहेत. दोन घरं १० टक्क्यांपलीकडे, म्हणजे प्रमाण ४० टक्के. ओलांडलेली अंतरं २ आणि २०, पाचांवर वाटली की सरासरी ४.४ अंक. तिला प्रमाणाने भागलं की बाधित घरामागे ११ अंक. एखाद्या योजनेने तिसाचा वाटा पंधरावर आणला तरी प्रमाण ४० टक्केच राहील. फरक दिसेल तो खोलीच्या आकड्यात. योजनेचं मूल्यमापन करणाऱ्यांनी हा आकडा न दिल्यास समजावं की अर्धंच सांगितलंय.

बोजा गरिबांकडे झुकलाय की श्रीमंतांकडे हे संकेंद्रण निर्देशांकाने कळतं; तो उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. ऋण असेल तर गरिबांकडे. वॅगस्टाफ आणि व्हान डोर्सलार या अर्थतज्ज्ञांनी प्रमाणाला (१ वजा निर्देशांक) याने गुणायची युक्ती दिली: प्रमाण १२ टक्के आणि निर्देशांक उणे ०.१५ असेल तर भारित प्रमाण १३.८ टक्के. हो-नाही स्वरूपाच्या चलावर या निर्देशांकाच्या मर्यादा सरासरीनुसार आक्रसतात. त्यामुळे प्रमाण खूप वेगळं असलेल्या दोन गटांची तुलना करताना दुरुस्त केलेली आवृत्ती वापरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरांची क्रमवारी कशावर लावलीय. एकूण खर्चावर लावली, तर कर्ज काढून शस्त्रक्रिया केलेलं गरीब घर त्या वर्षी खर्चाच्या वरच्या पाचव्या भागात जाऊन बसतं. मग ‘आपत्तीजनक खर्च श्रीमंतांतच जास्त’ असा निष्कर्ष निघतो आणि कोणी तो तपासत नाही. क्रमवारी आरोग्य वगळून उरलेल्या माणशी खर्चावर किंवा घरातल्या वस्तू-मालमत्तेच्या निर्देशांकावर लावून पाहा. चित्र उलटलं तर दोन्ही छापा.

दारिद्र्यात ढकलले गेलेले

माणशी खर्च १,०८०, दारिद्र्यरेषा १,०००, माणशी उपचारखर्च १३०. वजा केल्यावर ९५०, म्हणजे घर रेषेखाली आलं. अशा घरांची गणती सोपी आहे, पण ती एकटी दिली तर आधीपासूनच रेषेखाली असलेल्यांचा खर्च अदृश्य होतो. ती घरं नव्याने ओलांडणार तरी काय? म्हणून ‘गरीब झालेले’ आणि ‘आणखी गरीब झालेले’ असे दोन रकाने करा आणि दारिद्र्याची दरी, म्हणजे रेषेपासून घरं किती खाली आहेत ते अंतर, किती रुंदावली तेही द्या.

या सगळ्या वजाबाकीत एक गृहीतक लपलंय: उपचार नसते तर तेवढाच पैसा दुसऱ्या गोष्टींवर खर्च झाला असता. पैसा कर्जातून किंवा दागिने-जमीन विकून आला असेल तर ते खरं नाही. त्या महिन्याचं जेवण कदाचित शाबूत असेल, फटका पुढच्या दोन वर्षांच्या हप्त्यांत बसेल. म्हणून पैसा कुठून आला हे रकमेसह विचारा: चालू कमाई, बचत, नातेवाइकांची मदत, व्याजी कर्ज, विक्री. नुसतं हो-नाही विचारलं तर १०० ची उसनवारी आणि गहाण टाकलेली जमीन सारखीच मोजली जाते.

शून्य

ज्यांनी काहीच खर्च केला नाही ती घरं गणितात सगळ्यात सुरक्षित दिसतात. पण शून्य तीन प्रकारचं असतं: कोणी आजारी पडलं नाही, आजारी पडले पण सेवा मोफत मिळाली, आणि आजारी पडले पण परवडत नाही म्हणून गेलेच नाहीत. हे वेगळं काढायला दर माणसाला तीन प्रश्न पुरतात: आजारी होता का, उपचार घेतले का, नसतील तर का नाही. शेवटच्याला ‘पैसे नव्हते’, ‘लांब होतं’, ‘गरज वाटली नाही’ हे पर्याय सुटे हवेत. दर वाढवून एखादा दवाखाना रिकामा झाला तर आपत्तीजनक खर्चाचं प्रमाण घटतं. हे यश नव्हे, आणि तिसऱ्या शून्याचा रकाना नसेल तर ते यशच वाटेल.

बाराशे घरं किती सांगू शकतात

प्रमाण १० टक्के आलं, गटनमुन्यामुळे (घरं सुटी न निवडता गावं-वस्त्यांच्या गटांनी निवडल्यामुळे) विचरण, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता मोजणारा आकडा, दुप्पट झालं असं धरलं, तर ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरं प्रमाण ज्यात असण्याची खात्री धरता येते तो पल्ला, साधारण ७.६ ते १२.४ येतं. दोन फेऱ्यांतला ९ आणि ११चा फरक यात बुडून जातो. भरतीचं पाहिलं तर अवस्था आणखी वाईट: शंभरात आठ घरांत कोणी भरती झालं असेल तर नमुन्यात ९६ घरं, आणि पाच खर्चगटांत वाटली की गटामागे एकोणीस-वीस. त्यावरून गटवार टक्केवारी छापू नये. पुढच्या फेरीत आधी घरांची झटपट यादी करून भरतीची घरं जास्त प्रमाणात निवडा आणि भारांकाने भरपाई करा.

भारांक लावताना ३.८.२ लोकसंख्येचं प्रमाण मागतो, घरांचं नाही. घराचा भारांक गुणिले घरातली माणसं असा वापरा. आजारी वृद्ध लहान घरांत जास्त राहत असतील तर घरांचं प्रमाण लोकांच्या प्रमाणापेक्षा चढं निघतं, आणि कुठलं दिलंय हे तक्त्याच्या मथळ्यात लिहिलेलं नसेल तर दोन अहवालांतला फरक शोधण्यात आठवडा जातो.